छोट्या वेबसाइट, एक सर्व्हर : रॅम किती घ्यायची?



आजचा धडा मी माझ्याच खिशातून फी भरून शिकलोय. एक जीबी रॅमच्या एका स्वस्त व्हीपीएसवर मी तीन गोष्टी चालवत होतो : दुकानाची ऑनलाइन ऑर्डरची साइट, कोर्सची साइट आणि बिलिंगचं छोटं ॲप. वर्षभर सगळं मस्त चाललं. मग धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ऑफरचा मेसेज ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत डेटाबेस बंद. ऑनलाइन ऑर्डर थांबल्या, आणि दुकानात उभ्या गिऱ्हाईकाचं बिलही निघेना! चूक सर्व्हरवाल्याची नव्हती. मी हिशोबच केला नव्हता.

रॅम म्हणजे नक्की काय?

दुकानाच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे गोडाऊन, रॅम म्हणजे काउंटर. माल गोडाऊनमध्ये कितीही असू दे, गिऱ्हाईकाला तुम्ही काउंटरवरूनच देता. काउंटर भरला की लिनक्स काही सामान गोडाऊनमध्ये हलवतं. याला स्वॅप म्हणतात. काम चालतं, पण फार हळू. स्वॅप नसेल किंवा तोही भरला, तर लिनक्स जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम सरळ बंद करून टाकतं. तो बहुतेक वेळा डेटाबेसच असतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं.

आता वही-पेन घ्या

खर्चाचे दोन भाग करा. दुकानात भाडं ठरलेलं आणि हंगामी माणसांचा पगार बदलता असतो ना, तसंच.

ठरलेला खर्च (अंदाजे) :
- लिनक्स : ३०० एमबी
- मायएसक्यूएल डेटाबेस : ४०० एमबी
- एनजिनएक्स : ५० एमबी
- नोड जेएसवरचं बिलिंग ॲप : १५० एमबी

बेरीज ९०० एमबी. म्हणजे एक जीबीतले, १०२४ एमबीतले, उरले फक्त १२४!

गर्दीप्रमाणे बदलणारा खर्च :
- दुकानाची वूकॉमर्स साइट : ५ पीएचपी प्रोसेस × ८० = ४०० एमबी
- कोर्सची वर्डप्रेस साइट : ३ प्रोसेस × ६० = १८० एमबी

म्हणजे ५८० एमबी. एकूण १४८० एमबी. त्यावर ३० टक्के शिल्लक धरा, की झाले १९२४. उत्तर : २ जीबी.

आता कळलं का वर्षभर का चाललं? एरवी एका वेळी एखादंच गिऱ्हाईक असायचं, ८० एमबीत भागायचं. पाच जण एकदम आले आणि काउंटर मोडला.

प्रोसेस किती धरायच्या?

इथे बरेच जण घाबरतात. शंभर गिऱ्हाईकं म्हणजे शंभर प्रोसेस नव्हेत. एक प्रोसेस एका वेळी एकच पान बनवते. पानाला अर्धा सेकंद लागत असेल तर ५ प्रोसेस सेकंदाला १० पानं देतात. छोट्या दुकानाला हे पुष्कळ झालं.

महत्त्वाचं म्हणजे पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन' हा आकडा तुमच्या हिशोबाप्रमाणेच ठेवा. गर्दी वाढली तर लोक थोडा वेळ रांगेत थांबतील, पण दुकान बंद पडणार नाही. आणि प्रत्येक साइटचा पूल वेगळा असेल तर सगळ्यांचे आकडे एकत्र मोजा.

अंदाजावर थांबू नका, मोजा

वरचे आकडे सुरुवातीपुरते. प्लगइन वाढले की प्रोसेस जड होते. सर्व्हरवर 'फ्री' ही कमांड चालवा, तीही गर्दीच्या वेळी. पहाटे मोजून काही उपयोग नाही. त्यात 'फ्री'चा रकाना कमी दिसला तर घाबरू नका, रिकामी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरतं आणि लागली की परत देतं. तुम्ही 'अव्हेलेबल'चा रकाना बघा. भर गर्दीत तो एकूण रॅमच्या पाचव्या हिश्श्याखाली जात असेल, तर पुढचं ॲप टाकण्याआधी प्लॅन वाढवा.

आणि हो, एकच साधी माहितीची साइट असेल तर या भानगडीत पडूच नका. शेअर्ड होस्टिंग पुरेसं आहे.

आजचा गृहपाठ : तुमच्या सगळ्या ॲपची यादी करा, ठरलेला आणि बदलता खर्च लिहा, बेरीज करा, ३० टक्के मिळवा. हे काम सणाच्या आधी करा. मी सणाच्या दिवशी केलं, ते महागात पडलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!