कागदामागचा माणूस : ऑलिव्हर नेल्सन

सॅक्सोफोन वाजवणारा स्टेजवर सगळ्यांना दिसतो. पण चार जणांनी एकाच वेळी कोणते सूर वाजवायचे, कोणी गप्प बसायचं, हे कोणीतरी आधी कागदावर लिहिलेलं असतं. तो अरेंजर. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते, पण आपल्याला पाठ असतं ते संगीतकाराचं नाव! अमेरिकेतला ऑलिव्हर नेल्सन मात्र वाजवायचाही आणि लिहायचाही.

त्याचा जन्म 1932 चा, सेंट लुईस शहरातला. 1952 मध्ये तो मरीन दलात गेला आणि तिथल्या बँडमध्ये वाजवू लागला. जपानमध्ये असताना त्याने टोकियोच्या ऑर्केस्ट्राकडून राव्हेल आणि हिंडेमिथ ऐकले, आणि आपणही असं लिहायचं हे त्याने ठरवलं. परत आल्यावर रीतसर कॉलेज केलं आणि मग न्यूयॉर्क गाठलं.

आता थोडं टेक्निकल. पियानोवरचा सी हवा असेल तर टेनर सॅक्सोफोनच्या कागदावर डी लिहावा लागतो, आणि आल्टोच्या कागदावर ए. म्हणजे ऐकू येणारा सूर एकच, पण प्रत्येकाचा कागद वेगळा. हे सगळं डोक्यात ठेवून लिहायचं, म्हणजे आपल्या ड्रॉइंगच्या पेपरपेक्षा सोपं नक्कीच नाही.

23 फेब्रुवारी 1961 ला त्याने 'द ब्लूज अँड द अॅब्स्ट्रॅक्ट ट्रुथ' हा अल्बम रेकॉर्ड केला. माणसं फक्त सात, पण काय माणसं! फ्रेडी हबर्ड, एरिक डॉल्फी, बिल इव्हान्स, पॉल चेंबर्स, रॉय हेन्स. 'स्टोलन मोमेंट्स' ऐकाच. मुख्य धून 16 मात्रांची नाही, 16 बारची आहे, आणि सोलो सुरू झाले की खाली 12 बारचा ब्लूज येतो. सात जणांत जॉर्ज बॅरो नावाचा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला आहे. त्याला अख्ख्या अल्बममध्ये एकही सोलो नाही. पण धून वाजते तेव्हा बाकीचे सूर त्याच्या खालच्या सुरावर उभे असतात. तो काढून टाकला तर सगळं पोकळ वाटेल. मला तर अरेंजिंग म्हणजे काय ते बॅरोमुळेच कळलं.

पुढे जिमी स्मिथ, वेस माँटगोमेरी यांच्यासाठी त्याने मोठ्या बँडच्या अरेंजमेंट्स लिहिल्या. 1966 मध्ये सॅक्सोफोनच्या सरावाचं पुस्तकही काढलं. 1967 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि टीव्हीच्या कामात बुडाला. 'आयर्नसाइड', मग 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन', म्हणजे यंत्राचे हातपाय बसवलेल्या अंतराळवीराची मालिका. जॅझवाल्यांना हे वाया जाणं वाटतं. मला तसं सरसकट म्हणवत नाही, कारण पैसे तिथेच होते आणि लिहायचं काम तर तेच होतं. पण त्याचं वाजवणं कमी झालं, हे खरं नुकसान.

28 ऑक्टोबर 1975 ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय फक्त 43. ती मालिका 1978 पर्यंत चालू होती.