पदराचे मोर मोजून द्या

आईच्या पैठणीचीच शिवलेली नऊवारी हवी, हा हट्ट मुलीचा. नेसवणारीची वाट बघायला नको, कासोटा सुटायची धास्ती नाही, सप्तपदीला भराभर चालता येतं. मला पटलं नव्हतं, पण लग्न तिचं. मी एकच अट घातली. शिवायला पदर अंगापासून सोडवावा लागतो ते ठाऊक होतं. पदराच्या जरीकामावर मात्र कात्री नको. कॉलेज रोडवरच्या त्या बाईंनी मान डोलावली. बिलावर लिहून घेतलं नाही, ही चूक माझी.

लग्नाला पाच दिवस असताना ट्रायल. मुलगी आरशासमोर खूश. बाईंनी ड्रॉवरमधून कमरपट्टा काढला. "मॅचिंग, ताई. आमच्याकडून भेट." देखणा होता, आडवी मोरांची ओळ. अस्तर लागायचं होतं, म्हणून सहज उलटा करून पाहिला. मागेही तसाच मोर, एक दोरा लोंबत नव्हता. मशीनच्या कापडाला मागे दोऱ्यांचा गुंता असतो. एकेका रंगाचा धागा शेजारच्यात अडकवत हातमागावर विणलेला पदरच दोन्हीकडून सारखा दिसतो. पोटात धस्स झालं. मुलीच्या खांद्यावरचा पदर पुढे ओढून ओळी मोजल्या. १९९६ साली वडिलांनी येवल्याहून पैठणी आणली तेव्हा पाच होत्या. आता चार.

"अहो काकू," (मापं घेताना मी ताई होते) "पदर फार खाली लोंबत होता. हल्ली मुलींना आखूडच लागतो." वर मुलीला पाठवलेला बेल्टचा फोटो दाखवला, खाली तिने टाकलेला अंगठा. आवडला म्हणून टाकला. तो कशातून निघणार, हे तिला कोणी सांगितलं होतं का? माफीचा एक शब्द नाही. उलट, "तुम्ही फारच मनाला लावून घेता."

येवल्याच्या एका विणकराला विचारलं. जोडून मिळेल, म्हणाले, पण जोड दिसणार. मागावरून उतरलेल्या पदरात तुटलेली ओळ परत विणता येत नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. कात्रीपुढे त्याचा काय उपयोग!

तेव्हा जुनी साडी शिवायला देणार असाल तर आधी दुकानातच पदर पसरून फोटो काढा, ओळी मोजा आणि आकडा बिलावर लिहून घ्या. उरलेलं कापड, अगदी बोटभर चिंधीसुद्धा, परत मागा. मागणार हे आधीच सांगितलं की कात्री जपून चालते. रेशमात सुईची भोकं राहतात, म्हणून पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर. कमरेला दोन्हीकडे दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा. फोटो आला की "हे कशातून करणार?" हे विचारल्याशिवाय अंगठा टाकू नका. बाकी घाई करू नये, चार ठिकाणी चौकशी करावी, हे सगळेच सांगतात. मीही केली होती. खरं तर शिवायला नवी सेमी-पैठणी घ्यावी आणि आईची नेसवून घ्यावी, पण लग्नघरात ऐकतं कोण?

मांडवात विहीणबाईंनी विचारलंच, "पदर जरा आखूड वाटतो का हो?" आमच्याकडच्या दोघी-तिघींनी साडीच जुनी होती म्हणून सांगितलं. साडीत काहीही खोट नव्हती.

कमरपट्टा मी घेऊन आले, अस्तराविना. शिलाईचे राहिलेले दीड हजार दिलेले नाहीत. देणारही नाही.