'दऱ्या' आणि 'दर्या' : यंत्रागणिक बदलणाऱ्या चाचण्या व मराठी लेखन

संगणक प्रणाली तपासताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. तीच प्रणाली, तोच मजकूर, तीच चाचणी. पण ती लिनक्सवर उत्तीर्ण होते आणि विंडोजवर किंवा जुन्या मॅकवर नापास. मजकूर इंग्रजी असेल तर कारण बहुधा ओळींच्या शेवटच्या खुणेत किंवा फाइलच्या पत्त्यातील तिरप्या रेघेत सापडते. मजकूर मराठी असेल तर शोध आपल्या वर्णमालेपर्यंत जातो. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अशा शाळांना उपयोगी पडेल अशी शब्दसूची आणि विद्यार्थ्यांच्या नावांचा शोध हे उदाहरण घेऊन मी येथे तीन दोषांची चिकित्सा करतो. त्यांतील एकाची दुरुस्ती भाषेचा जाणकार सोबत नसेल तर दोषापेक्षाही घातक ठरते, हे मला विशेषकरून दाखवायचे आहे.

१. चाचणी म्हणजे काय?

चाचणी म्हणजे उत्तरसूचीसह असलेली प्रश्नपत्रिका. 'या यादीत अमुक नाव शोध' हा प्रश्न आणि 'ते तिसऱ्या ओळीत आहे' हे अपेक्षित उत्तर, दोन्ही आधी लिहून ठेवलेले असतात. प्रणालीचे उत्तर त्याच्याशी जुळले तर चाचणी हिरवी, नाही तर लाल. एका यंत्रावर हिरवी आणि दुसऱ्यावर लाल असा निकाल आला, तर प्रश्नपत्रिकेत न लिहिलेले एखादे गृहीत आहे असे समजावे. पहिले यंत्र ते गृहीत मुकाट्याने पुरवते, दुसरे पुरवत नाही.

२. पहिला दोष : 'पुस्तक' अडते, 'कमळ' अडत नाही

पायथन या भाषेत फाइल उघडताना तिची सांकेतिक पद्धत सांगितली नाही, तर लिनक्स व मॅकवर सहसा यूटीएफ-८ धरली जाते. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर मात्र पायथन आजवर १२५२ क्रमांकाचे पश्चिम युरोपीय कोष्टक धरत आले आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. पायथनच्या १२५२ कोष्टकात पाच घरे रिकामी आहेत, आणि ऱ्हस्व उकार, हलन्त, 'ए', 'ऐ', 'झ' यांचा तिसरा बाइट नेमका अशा रिकाम्या घरावर येतो. म्हणून 'पुस्तक' वाचताना पायथन थांबते आणि चूक दाखवते. 'कमळ' वाचताना ते थांबत नाही. तीन अक्षरांच्या जागी नऊ निरर्थक चिन्हे घेऊन पुढे जाते.

थांबणारी चूक लगेच दिसते. न थांबणारी अधिक धोक्याची, कारण तीच फाइल त्याच चुकीच्या कोष्टकाने परत लिहिली तर बाइट जसेच्या तसे उतरतात आणि चाचणी हिरवी राहते. यातून दोन धडे मिळतात. फाइल उघडताना सांकेतिक पद्धत नेहमी स्पष्ट सांगावी. आणि चाचणीसाठी शब्द निवडताना जोडाक्षरे, उकार, 'ए', 'झ' यांना मुद्दाम जागा द्यावी. 'घर' आणि 'कमळ' यांवर मराठीची परीक्षा होत नाही.

३. दुसरा दोष : 'ऱ'ची अनेक रूपे

'तऱ्हा' हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकात तो तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. पहिला प्रकार : त, ऱ, हलन्त, ह, काना, एकूण पाच चिन्हे. दुसरा : 'ऱ'च्या जागी साधा 'र' आणि त्याखालचा नुक्ता, एकूण सहा. तिसरा : साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह, पुन्हा सहाच, पण वेगळी.

पहिली दोन रूपे युनिकोड समतुल्य मानते. जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था फाइलच्या नावातील 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता असा साठवते. विंडोज आणि लिनक्स नाव दिले तसेच ठेवतात. त्यामुळे 'तऱ्हा' नावाची फाइल तयार करून फोल्डरची यादी मागवणारी चाचणी या दोन्हींवर उत्तीर्ण होते आणि जुन्या मॅकवर नापास. छापून पाहावे तर दोन्ही शब्द सारखेच! म्हणून अशा वेळी शब्द नव्हे, त्यातील प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा फरक तेथे लगेच कळतो.

आता दुरुस्ती. हिंदी मजकुराच्या शोधात नुक्ता गाळून टाकण्याची पद्धत प्रचलित आहे. 'ज़' आणि 'ज' एक धरले तर शोध सोपा होतो. तीच युक्ती येथे वापरली तर मॅकवरची चाचणी तत्काळ हिरवी होते. पण मराठीत त्याची किंमत काय? नुक्ता गेला की 'दऱ्या'चे 'दर्या' होते. डोंगरांमधली जागा समुद्र बनते. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना दिलेले निमंत्रण 'आचार्यांना' जाते. गोऱ्हे, वऱ्हाडे अशा आडनावांचे लेखनही बिघडते. सर्व यंत्रांवर सर्व चाचण्या हिरव्या आणि भाषा मात्र चुकलेली, अशी ही अवस्था आहे.

योग्य दुरुस्ती अशी : मजकूर आत घेतानाच युनिकोडच्या संयुक्त रूपात आणावा, म्हणजे 'र' आणि नुक्ता यांचा पुन्हा 'ऱ' होतो. तिसरे रूप या रूपांतरात बदलत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. 'ॲ'चेही तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि युनिकोड या दोन रूपांना समतुल्य मानत नाही. तोही नियम आपणच लिहायचा. शेवटी 'दऱ्या आणि दर्या वेगळे राहिलेच पाहिजेत' अशी एक चाचणी कायमची ठेवावी.

४. तिसरा दोष : 'ळ'ची जागा

मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या देवनागरी खंडात मात्र तो 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी आहे. भारतीय लिप्यांची ही मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. त्यामुळे केवळ क्रमांकांनुसार लावलेली यादी 'कल, कळ, कवच, कसर' अशी येते आणि मराठी क्रमाने लावलेली 'कल, कवच, कसर, कळ' अशी. लिनक्सच्या सर्व्हरवर भाषेची सेटिंग दिलेली नसेल तर पहिला क्रम मिळतो. मराठी नियम पाळणाऱ्या व्यवस्थेत दुसरा मिळतो. चाचणीत कोणता क्रम अपेक्षित, हे लिहिलेले नसेल तर निकाल यंत्रागणिक बदलणारच.

सुरतेत या प्रश्नाला एक शेजारी आहे. गुजराती मुलेही 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असेच म्हणतात, आणि युनिकोडच्या गुजराती खंडातही 'ळ' 'ल'ला चिकटून बसलेला आहे. म्हणजे 'ळ'चा दोष दोन्ही भाषांना समान. 'ऱ'चा मात्र नाही : गुजराती खंडात 'ऱ'च्या जागेवरचे घर रिकामे आहे. त्यामुळे गुजरातीसाठी नीट चालणारी प्रणाली मराठीसाठीही चालेल असे गृहीत धरता येत नाही.

५. शोधाची रीत

विद्यार्थ्यांसाठी क्रम असा सुचवतो. आधी दोन्ही यंत्रांवर एकच छोटा मजकूर घेऊन दोष पुन्हा घडवावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी : सांकेतिक पद्धत, अक्षररूप, क्रम, ओळीचा शेवट. विंडोजवरील मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी सहसा दोन चिन्हे असतात, लिनक्सवर एक. म्हणून वीस ओळींच्या कवितेची फाइल तेथे वीस बाइटांनी मोठी भरते. फोल्डरची यादी कोणत्या क्रमाने येईल यावरही विसंबू नये. ती मिळाल्यावर स्वतः लावून घ्यावी. 'ही चाचणी विंडोजवर वगळा' अशी सूचना लिहिणे सोपे असते, पण शाळेतील शिक्षकाच्या टेबलावर विंडोज असेल तर आपण त्यालाच वगळलेले असते.

६. भाषेच्या अभ्यासकांकडून अपेक्षा

कोणता फरक निरर्थक आणि कोणता अर्थपूर्ण, हे यंत्र ठरवू शकत नाही. प्रणाली लिहिणाराही नेहमी ठरवू शकत नाही. 'ऱ' एका चिन्हात साठवला की दोन, हा फरक निरर्थक. 'दऱ्या' आणि 'दर्या' हा फरक अर्थपूर्ण. हा निर्णय व्याकरणाचा आहे. ज्यांच्या मराठी व्याकरणाची पहिली आवृत्ती १८३६ साली निघाली, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच सुरतेत शिक्षक होते आणि १८४४ साली येथे मानवधर्मसभेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. बोलणाऱ्याला ठाऊक असलेले नियम लिहून काढणे हे व्याकरणकाराचे काम. संगणकाच्या चाचण्याही तेच मागतात.

म्हणून शिक्षकांना आणि लेखकांना माझी विनंती आहे. अशा जोड्यांची आणि अवघड शब्दांची एक छोटी यादी करावी : ऱ आणि र्, ळ आणि ल, ॲ, ऑ, ज्ञ, क्ष, अनुस्वार. प्रत्येकापुढे 'हे वेगळे' किंवा 'हे एकच' एवढेच लिहावे. शंभर शब्दांची अशी यादी वर्गात दोन तासांत तयार होऊ शकते, आणि मराठीसाठी प्रणाली लिहिणाऱ्या कोणालाही ती उत्तरसूची म्हणून जशीच्या तशी वापरता येईल.