रजा घेतली, आता फोनही खाली ठेवा

आमच्या वस्तीतला एक तरुण एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. त्याच्या घरातली ही पहिली ऑफिसातली नोकरी. दोन वर्षांनी सलग आठवडाभर रजा मिळाली, म्हणून तो आई-वडिलांना घेऊन बुद्धगयेला गेला. महाबोधी महाविहारात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. आई-वडील आत गेले. हा मात्र बाहेरच थांबला, कारण एका ग्राहकाची फाईल अडली होती आणि साहेबांचा फोन येणार होता. आई बोधिवृक्षाजवळ वंदना घेत होती, तेव्हा मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहून कागदपत्रांची माहिती सांगत होता. परत आल्यावर आई आम्हाला एवढंच म्हणाली, "पोरगं आलं होतं, पण सोबत नव्हतं."

आज आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली बँका, विमा कंपन्या, पतसंस्था आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांत कामाला आहेत. टार्गेट, वसुली, मार्च एंड हे शब्द आपल्या घरात रोजचे झाले आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही रजेविषयी लिहीत आहोत.

शरीरावर काय परिणाम होतो?

साहेबांचा फोन वाजला की छातीत धडधड वाढते, रक्तदाब चढतो, पोटात गोळा येतो. अडचणीच्या वेळी शरीर अशी तयारी करतंच. काम संपल्यावर ती तयारी उतरली पाहिजे. पण फोन कधीही वाजेल या विचाराने माणूस सतत पहाऱ्यावर राहिला, तर ती उतरतच नाही. म्हणजे न वाजलेला फोनसुद्धा थकवतो. मग झोप तुटते, चिडचिड होते, ॲसिडिटी आणि डोकेदुखी मागे लागते. एका खोलीच्या घरात तर रात्री अकराच्या फोनने सगळ्यांचीच झोप मोडते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असल्याचं त्यात आढळलं. रजेतही काम चालू ठेवणाऱ्याला या तासांतून सुटका मिळत नाही.

फोन का सुटत नाही?

आम्ही अनेक तरुणांशी बोललो. नोकरी जाण्याची भीती तर आहेच, कारण एका पगारावर पाच-सहा माणसं जगतात. पण त्याखाली आणखी एक गोष्ट आहे. "आपली मुलं कामात कमी पडतात असं कुणी म्हणू नये, म्हणून आम्ही दुप्पट काम करतो," असं एक मुलगी म्हणाली. ही भावना आपल्या प्रत्येक शिकलेल्या घराला ठाऊक आहे. तिच्यामागे पिढ्यांचा अपमान आहे, म्हणून आम्ही तिला हसण्यावारी नेणार नाही. पण आपली लायकी सिद्ध करण्यासाठी शरीर मोडावं लागत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

तथागतांचा शिष्य सोण याने चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत कष्ट घेतले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला वीणेच्याच उदाहरणाने समजावलं, की तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि फार ढिली सोडली तरी बिघडतो. वीर्य हवंच, पण ते समतोल हवं.

बँकेचाच नियम पाहा

"मी नसलो तर काम अडेल," असं सगळेच म्हणतात. पण रिझर्व्ह बँकेचाच नियम वेगळं सांगतो. २०२१ च्या सूचनेनुसार, बँकेत संवेदनशील जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान दहा कामाचे दिवस, आधी न कळवता, रजेवर पाठवायचं असतं. त्या काळात सर्वसाधारण अंतर्गत ईमेल सोडून कामाशी संबंधित कोणतीही यंत्रणा त्याने वापरायची नसते. हा नियम आरोग्यासाठी केलेला नाही, गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून आहे. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्वांत जोखमीच्या जागेवरचा माणूस दहा दिवस नसला तरी बँक चालते, मग आपल्या रजेतही ती चालेल.

आणि रजा ही कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर काम केलेल्या कामगाराला सलग दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. पुढच्या वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. बँकेचे नियम वेगळे असले, तरी विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हा विचार तोच आहे.

रजेवर जाताना

१. आठवडाभर आधी अपुऱ्या कामांची यादी करा. कोणती फाईल कुठे अडली आहे, कोणती तारीख जवळ आहे, ते लिहून सहकाऱ्याला आणि साहेबांना ईमेलने कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

२. एका सहकाऱ्याशी जोडी करा. त्याच्या रजेत तुम्ही त्याचं काम बघा, तुमच्या रजेत तो बघेल.

३. ईमेलला आपोआप उत्तर लावा. त्यात रजेच्या तारखा आणि त्या काळात कुणाशी बोलायचं, ते लिहा.

४. आपला पासवर्ड कुणालाही देऊ नका, कितीही घाई असली तरी. त्यावर झालेल्या व्यवहाराचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

५. ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. फक्त घरच्यांचे फोन वाजतील, अशी सोय फोनमध्ये असते, ती वापरा.

६. कंत्राटी नोकरी आहे, फोन बंद ठेवणं शक्यच नाही, अशांनी दिवसातली एकच अर्ध्या तासाची वेळ ठरवावी आणि ती आधीच कळवावी. ती वेळ सकाळची असावी, झोपेच्या आधीची नसावी.

पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जाईल, चुकल्यासारखं वाटेल. घाबरू नका, सवय मोडायला वेळ लागतो. श्रामणेर शिबिरात दहा दिवस राहून आलेल्यांना हे विचारा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आनापान करा, चाला, भरपूर झोपा. कामावर रुजू होण्याआधीचा एक दिवस घरीच काढा.

घरच्यांसाठी

मुलगा किंवा मुलगी रजेवर आली, की आपण लगेच पासबुकं, कर्जाचे अर्ज, शेजाऱ्यांच्या अडचणी पुढे करतो. मुलगी असेल तर स्वयंपाकघरही तिची वाट बघत असतं. असं करू नका. अर्ज पुढच्या आठवड्यातही भरता येतात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

दोन आठवडे नीट झोप नाही, कशातच मन रमत नाही, कामाच्या विचाराने रडू येतं, असं असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जीव नकोसा वाटत असेल तर एका मिनिटाचीही वाट न पाहता तिथे फोन करा आणि घरात सांगा. छातीत दुखून घाम येत असेल, दम लागत असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

तो तरुण येत्या हिवाळ्यात आई-वडिलांना पुन्हा बुद्धगयेला नेणार आहे. या वेळी फोन जमा करून आत जायचं, असं त्याने आईला सांगितलं आहे. तुम्हीही आपल्या घरी या गोष्टीवर बोला.

जय भीम, नमो बुद्धाय!