फेज एकटी ऐकू येत नाही

बेटा, अकोल्यात तू कॉम्प्युटरवर मॉड्यूलर सिंथेसायझर मांडतोस, मॉड्यूलमागं मॉड्यूल जोडत वायरी ओढतोस, हे ऐकून जीव सुखावला. माझी हयात अमरावतीकडच्या मंडपांत, भजन-कीर्तनाच्या माइकमागं गेली. पण फेजचा, म्हणजे लहर तिच्या फेऱ्यात कुठं आहे त्याचा, नियम तुझ्याकडं अन् माझ्याकडं एकच, म्हणून सांगून ठेवतो.

फेज एकटी ऐकू येत नाही. स्थिर सुराची लहर उलटी केली तरी कानाला तो सूर तसाच लागतो. शेजारी मूळ लहर असली तरच फरक कळतो. तंबोऱ्याची जोड घे. दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक राहिला, तर दर दोन सेकंदांनी आवाज भरतो आणि ओसरतो. लहरी जुळल्या की भर, विरुद्ध गेल्या की ओसर. हेच दोन ऑसिलेटर 220 आणि 220.5 वर ठेवून ऐक. आधी साइन लाव, मग सॉटूथ. सॉटूथमध्ये दुसरा हार्मोनिक दुप्पट वेगानं फिरतो, तिसरा तिप्पट, आणि आवाज जिवंत होतो. हे कानात बसेपर्यंत फेझरला हात लावू नकोस.

फेझरच्या पोटात ऑलपास फिल्टर असतात. ते काही कापत नाहीत; प्रत्येक फ्रिक्वेन्सीची फेज कमी-जास्त मागं सारतात. एक टप्पा त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला 90 अंश मागं नेतो. दोन टप्प्यांनी 180 होतात, आणि मूळ आवाजात मिसळलं की तिथं एक खड्डा पडतो. चार टप्प्यांना दोन खड्डे, सहांना तीन. 1974 मध्ये आलेला एमएक्सआरचा फेज 90 चार टप्प्यांचाच. मिक्स निम्मं-निम्मं ठेव, खड्डा तिथंच सगळ्यात खोल असतो. पोरं मिक्स पूर्ण चढवतात आणि मग विचारतात, रंग काऊन गेला? मूळ आवाजच काढून टाकला, तर खड्डा पडणार कुठून! खड्डे सरकवणारा एलएफओ संथ ठेव. फीडबॅक बेतानं दे.

आता मंडपातलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं आपल्या भागात खंजिरी भजन गावोगाव आहे. खंजिरीला समोरून एक आणि मागच्या उघड्या बाजूनं एक माइक लावलास, तर थापेसरशी कातडं एका माइकपासून दूर जातं अन् दुसऱ्याकडं येतं. एकाची पोलॅरिटी उलटव, ठोका लगेच भरून येईल. कीर्तनकाराचा आवाज दोन माइकांत जात असेल आणि अंतरात 34 सेंटीमीटरचा फरक असेल, तर 500 हर्ट्झच्या आसपास आवाज खातो, पुढं 1500 ला, 2500 ला. लोक इक्वलायझर फिरवत बसतात. तू माइक हलव.

स्पीकरचे बॉक्स जोडताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. एक बॉक्स बाहेर अन् दुसरा आत गेला, तर बास मैदानात विरून जाईल. हॉर्नच्या ड्रायव्हरवर मात्र सेल लावू नकोस, नाजूक असतो.

आणि आपल्याकडचं ऊन विसरू नकोस. 45 अंशांच्या दुपारी आवाज सेकंदाला सुमारे 358 मीटर धावतो, 10 अंशांच्या रात्री 337. मुख्य बॉक्सपासून 50 मीटरवरच्या स्पीकरला थंडीत 148 मिलिसेकंदांचा उशीर लागतो, त्या दुपारी 140 चा. हिवाळ्यातला आकडा तसाच ठेवून मे महिन्यात कार्यक्रम करू नये.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. हेडफोनमध्ये एका कानाची लहर उलटी केली की आवाज फार रुंद वाटतो, आणि तरुणांना तो भुरळ घालतो. पण गावातले कितीतरी मंडप, कितीतरी मोबाइल दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतात, आणि तिथं तो आवाज नाहीसा होतो. तुझं काम कुणाच्याही हाती देण्याआधी ते एकदा मोनोत ऐक.