पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा

पाळी कायमची गेल्यावर अंगावरून पुन्हा लाल गेलं, अगदी एक डाग जरी पडला, तरी त्याचं कारण शोधायचं असतं. आणि अस्तर जाड दिसलं तर त्याचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं. आमच्या इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. माहीत होतं. घाई होती.

मला ते काय म्हणाले? "काकू, या वयात होतं असं. हार्मोन्सचा खेळ." गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थांबलं, गोळ्या संपल्यावर पुन्हा सुरू. मग सोनोग्राफी, त्यात अस्तर १४ मिलिमीटर. पाळी गेलेल्या बाईला लाल जात असेल आणि अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल, तर बायोप्सी करतात. मी तेव्हाच विचारलं होतं, बायोप्सी करायची का म्हणून. ते हसले. "पॅप नॉर्मल आली ना तुमची? मग कशाला मनाला लावून घेता?" पॅप तपासणी असते गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी. आतल्या अस्तराचा कॅन्सर तिच्यात सापडेल याचा काही भरवसा नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका "माझी पॅप झालीय" म्हणून निर्धास्त आहेत.

पुढच्या भेटीत निकालच लागला. पिशवी काढून टाकू, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी, कटकट संपली. सासूबाईंना हे फार पटलं. त्या पिशवीचं आता कामच काय, असं त्यांचं म्हणणं. अनामत भरली, तारीख ठरली, भूलतज्ज्ञ बघून गेले.

मी पतपेढीत उभी हयात काढली आहे. फॉर्म समोर आला की आधी वाचते, सही नंतर. विम्याच्या कॅशलेस अर्जात निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'फायब्रॉइड'. माझ्या सोनोग्राफीत फायब्रॉइड नव्हता. एकही नव्हता. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणते, "मॅडम, तसंच लिहितो आम्ही, अप्रूव्हल लवकर येतं." त्या वेळी भीती नाही वाटली मला, संताप आला. माझ्या रोगाचं नाव अजून कुणी शोधलंच नव्हतं, तरी पोटात शिरायची तारीख ठरली होती आणि रकाना रिकामा दिसू नये म्हणून एक रोग भरून टाकला होता. हे गाडी लावून आत येईपर्यंत मी फॉर्म परत करून मोकळी झाले होते. "एवढ्या लोकांसमोर तमाशा नको," असं हे म्हणाले. असू दे.

सुनेच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी ओपीडीतच बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतला. पाळीत येते तशी कळ आली आणि गेली. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. रिपोर्ट आला: एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड १. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर.

अनामत परत मागायला गेले तेव्हा तो कागद मुद्दाम सोबत नेला. पहिल्या डॉक्टरांनी तो चष्मा वर करून वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग बिघडलं काय? पिशवी तर आपण काढतच होतो. काढल्यावर कळलंच असतं." कशा आहात, पुढे कुठे दाखवताय, एक शब्द नाही. पैशांचं मॅनेजरशी बोला म्हणाले.

काय बिघडलं असतं ते सांगते, कारण हे उत्तर त्यांना तिथल्या तिथे देता आलं नाही याची चुटपुट अजून आहे. कॅन्सर माहीत असला की आधी एमआरआय करून बघतात, तो गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल शिरलाय, निम्म्याच्या आत की पलीकडे. पिशवीबरोबर सहसा दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढतात, लागतील तशा लसिका गाठीही तपासतात. साधी पिशवी म्हणून काढली आणि कॅन्सर नंतर निघाला, तर काही बायकांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. आणखी एक: मोठी पिशवी दुर्बिणीतून बाहेर येईना की कधी कधी पोटातच तिचे तुकडे करतात. आत कॅन्सर असला तर पेशी पोटात सगळीकडे सांडू शकतात. याच धोक्यापायी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला होता. एवढं सगळं 'काढल्यावर कळलंच असतं' मध्ये बसवायचं!

आपल्याच राज्यात बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींना 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दलची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा असं सगळ्या राज्यांना बजावलं. नसलेल्या कॅन्सरचा धाक दाखवून तिकडे पिशव्या काढल्या, इकडे असलेल्या कॅन्सरला फायब्रॉइड म्हणून काढायला निघाले. तपासायचे कष्ट दोन्हीकडे कुणी घेतले नाहीत.

आता ज्यांना ऑपरेशनला जायचंय त्यांच्यासाठी. कॅन्सरचं ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडेच करा, म्हणजे गायनॅक-ऑन्को सर्जनकडे. टाटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परळ येतं, पण टाटा मेमोरियलचंच ॲक्ट्रेक खारघरला आहे, आमच्या खांदेश्वरहून लोकलने दोन स्टेशनं. तिथे किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबने तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. लॅबवाले आढेवेढे घेतात, "ब्लॉक देत नाही" म्हणतात. लेखी अर्ज द्या. तुकडा तुमच्या शरीराचा आहे.

विम्याची पूर्वमंजुरी आधी चुकीच्या निदानावर घेतली असेल तर ती रद्द केल्याचं पत्र त्या रुग्णालयाकडून घ्या. माझी नवी मंजुरी त्यावरूनच अडकली होती. विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीएचा प्रश्न यायचा, फायब्रॉइडचा कॅन्सर कसा झाला? विमा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा.

चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञाला दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं सगळ्यांना सुचतं. पण लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्याही काही दिवस आधी थांबवतात, ते कुणी आपणहून विचारत नाही. घरी वस्तऱ्याने केस काढू नका, बारीक जखमा होऊन जंतू शिरतात. रुग्णालयात गरज असेल तेवढे मशीनने काढतात. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र देतात, ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाई ते बिचाऱ्या सकाळपासून फुंकत होत्या. आणि हो, मन खंबीर ठेवा वगैरे. ते सगळेच सांगतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटापेक्षा माझा खांदा जास्त दुखला. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं, चालत राहिलं की उतरतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत टोचायची इंजेक्शनं घरीही काही आठवडे चालू राहू शकतात. कोण टोचणार ते डिस्चार्जच्या आधी ठरवा. आमच्याकडे सून शिकली, मुलगा नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथायला लागलं की टाक्यांवर ताण येतो. जड उचलायचं नाही म्हणजे पाण्याची बादलीसुद्धा नाही. पाणी ठरावीक वेळेला येतं आणि घरच्या पुरुषांना बादली दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

भेटायला येणाऱ्या बायका डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मी बाळंतीण नव्हते, मधुमेही होते. लाडू यांनी संपवले.

दीड-दोन आठवड्यांनी आतले टाके विरघळताना थोडा लालसर स्राव होतो, त्याने घाबरू नका. पण पॅड भराभर भिजू लागलं, ताप आला, घाण वास आला, एका पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा खालून एकदम पाण्यासारखं गळू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, संबंध ठेवायचा नसतो. हे डॉक्टरांना नवऱ्यासमोर सांगायला लावा.

काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट येईपर्यंत खरी अवस्था कळत नाही. त्यावर ठरतं पुढे किरणोपचार लागणार की नाही. योनीमार्गात नळी ठेवून आतून देतात ते ब्रॅकीथेरपी. दर वेळी काही मिनिटांचं काम असतं. नंतर तो मार्ग आक्रसू नये म्हणून डायलेटर वापरायला सांगतात. मला ते एका नर्सने कानात सांगितलं, जणू चोरीचा माल. मोठ्याने विचारा. त्याच रिपोर्टमध्ये 'एमएमआर' अशी एक तपासणी असते. ती बिघडलेली आली तर लिंच सिंड्रोम नावाचा घराण्यात चालणारा दोष आहे का ते बघतात, कारण त्यात मुलांना आणि भावंडांना आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो. रिपोर्टमध्ये ती ओळ नसेल तर मागा.

फाइलमध्ये ऑपरेशन नोट्स, हिस्टोपॅथॉलॉजी आणि ब्लॉकचे नंबर हवेतच. नुसता डिस्चार्जचा कागद पुरत नाही. जे मागायचं ते लेखी मागा आणि पोच घ्या. अनामत रकमेसाठी मीही लेखी अर्ज दिला आहे, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. मॅनेजर म्हणतो, डॉक्टरसाहेबांची सही बाकी आहे.