थंड हवा म्हणजे ताजी हवा नव्हे
घर व दवाखान्यातील वातानुकूलन आणि वायुवीजनाविषयी आरोग्यसल्ला

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथील हवामान सौम्य असल्याने पूर्वीची घरे उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या आणि भिंतीतील झरोके यांच्या आधारे हवेशीर राहत. आता बंद खिडक्यांच्या सदनिका आणि काचेच्या इमारती वाढल्या आहेत. एसी लावताच खोली थंड होते आणि हवा ताजी झाली, असा आपला समज होतो. हा समज आरोग्यास घातक ठरू शकतो.

यंत्रणेची तीन कामे

चांगली वातानुकूलन यंत्रणा तीन कामे करते. ती उष्णता व दमटपणा आटोक्यात ठेवते, बाहेरची ताजी हवा आत आणून वापरलेली हवा बाहेर टाकते आणि हवेतील धूळ गाळते. मोठ्या रुग्णालयांतील मध्यवर्ती यंत्रणेत या तिन्ही कामांची सोय करता येते. त्यामुळे उन्हाळ्यात वृद्ध, बालके व हृदयरुग्ण यांना उष्णतेपासून संरक्षण मिळते, भिंतींवर बुरशी कमी धरते आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास कमी होतो.

घरातील स्प्लिट एसी मात्र खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. त्याची जाळी मोठी धूळ अडवते. रोगजंतू अडवण्याची क्षमता तिच्यात नसते.

ताजी हवा कशासाठी?

फुप्फुसाचा क्षयरोग झालेली व्यक्ती खोकते तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. गोवर आणि कांजिण्याही हवेतून पसरतात. क्षयरोगाच्या अभ्यासासाठी आणि प्रशिक्षणासाठी १९५९ साली बेंगळुरूतच राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. या रोगाच्या प्रतिबंधात औषधोपचाराइतकीच हवेशीर जागाही महत्त्वाची आहे.

खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलत असेल, तर असे ९९ टक्के कण सुमारे २३ मिनिटांत निघून जातात. हवा तासाला केवळ २ वेळा बदलत असेल, तर त्यासाठी सुमारे २ तास १८ मिनिटे लागतात. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सर्वसाधारण रुग्णकक्षात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा मिळावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली केली आहे.

एक सोपी परीक्षा: दहा मिनिटे बाहेर थांबून पुन्हा खोलीत या. कोंदट वास जाणवल्यास वायुवीजन अपुरे आहे असे समजावे. सतत खोलीतच बसलेल्या व्यक्तीला तो वास जाणवत नाही.

गॅस गिझर: सर्वांत मोठा धोका

थंडीच्या दिवसांत न्हाणीघराची खिडकी बंद करून गॅस गिझर लावल्याने मृत्यू झाल्याच्या घटना बेंगळुरूसह अनेक शहरांत घडल्या आहेत. अपुऱ्या हवेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे होत. व्यक्तीला उठण्याचे भान येण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते.

• गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.
• बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये.
• कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.

घरी काय करावे?

• सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या दारे-खिडक्या किमान १५ मिनिटे उघड्या ठेवाव्यात. रस्त्यावर वाहनांचा धूर दाट असताना ही वेळ टाळून दुसरी निवडावी.
• स्वयंपाक करताना, विशेषतः फोडणी देताना, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा आणि एखादी खिडकी उघडी ठेवावी.
• एसी २४ ते २६ अंशांवर ठेवावा. त्यात गारवा पुरेसा मिळतो, विजेचीही बचत होते.
• एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी.
• एसीतून गळणारे पाणी बादलीत किंवा कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कूलरचे पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी.

दवाखान्यात काय करावे?

• प्रतीक्षा कक्षात शक्यतो उघड्या खिडकीजवळ बसावे.
• खोकला असल्यास मास्क लावावा आणि नोंदणीच्या वेळीच परिचारिकेला तसे सांगावे. अशा रुग्णास आधी तपासण्याची व्यवस्था करता येते.
• खिडकी बंद असल्यास ती उघडण्याची विनंती करावी. अशी विनंती करण्यात संकोच नसावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सायंकाळचा ताप, रात्री घाम येणे किंवा वजन घटणे ही लक्षणे असल्यास नजीकच्या सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची मोफत तपासणी करून घ्यावी.

गारवा यंत्राने मिळतो. ताज्या हवेसाठी वाट आपणच ठेवावी लागते. आज घरी गेल्यावर प्रत्येक खोलीत हवा कोठून आत येते आणि कोठून बाहेर जाते, हे पाहावे. ज्या खोलीत ही वाट सापडत नाही, तेथून सुधारणेस आरंभ करावा.